सॅचवेलचा काटकोन

एनॉक सॅचवेलबद्दल कोणी वाईट बोललं की माझं डोकं फिरतं, आणि कोणी चांगलं बोललं तर त्याहून जास्त फिरतं. तेव्हा त्याची गोष्ट मीच सांगितलेली बरी. मी जेबेझ ट्विगर, धंद्याने लोहार. आधी बापाच्या हाताखाली घोडागाड्यांचे आस आणि चाकांच्या लोखंडी धावा केल्या. मग कॉव्हेंट्रीत मोटारींचं वेड आलं, तसा कालव्याजवळच्या एका मोटार कारखान्यात भट्टी सांभाळायला लागलो. सॅचवेल माझ्यानंतर दोन वर्षांनी आला, आणि तो आला त्या दिवसापासून माझी भट्टी ही कारखान्यातली सगळ्यात गलिच्छ जागा ठरली.

तो मुळातला घड्याळजी. चॅपलफील्ड्स या घड्याळजींच्या वस्तीत घर, माडीवर रुंद खिडक्यांची खोली. तिथे त्याचा आजा बसला, बाप बसला, मग हा बसला. दुसऱ्यांनी केलेले भाग घ्यायचे, घासून पुसून एकमेकांत असे बसवायचे की घड्याळ दहा वर्षं कुरकुरणार नाही, हे त्याचं काम. पुढे अमेरिकेतून आणि स्वित्झर्लंडहून यंत्रावर केलेली स्वस्त घड्याळं आली आणि बघता बघता त्या गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांना पडदे लागले. हा पन्नाशीला टेकलेला, बायको गेलेली, घरात एकुलती एक मुलगी. १९०३ च्या मार्चमध्ये डोक्यावर गोल टोपी आणि बगलेत लाकडी पेटी घेऊन तो कारखान्याच्या दारात उभा राहिला. पेटीत वीतभर लेथ आणि टाचणीएवढ्या कानशी. आमचे लोक पोट धरून हसले. आता मोटारीला साखळी लावून खिशात ठेवायची का, असं कोणीतरी विचारलंसुद्धा.

हसणं आठवडाभर टिकलं. तेव्हा आमच्या मोटारी चालायच्या कमी आणि थांबायच्या जास्त. इंजिनाला ठिणगी देणारी जी कॉइल असते, तिच्यावर एक पोलादी पट्टी थरथरत असते. दर थरथरीला ती वीज जोडते आणि तोडते. जिथे जोडते तिथे प्लॅटिनमचे दोन ठिपके. ते जळायचे, एकमेकांना चिकटायचे, आणि इंजिन खोकत खोकत जीव सोडायचं. मग चालवणाऱ्याने भर रस्त्यात उतरून पट्टीला टिचक्या मारायच्या. सॅचवेलने डोळ्याला भिंग लावलं, दोन दिवस कोणाशी चकार शब्द बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते ठिपके असे घासून बसवले की दोघांच्या मधून उजेड जाऊ नये. पट्टी नवी केली, पहिलीपेक्षा पातळ. इंजिन सुरू केलं तेव्हा लोक काम टाकून ऐकायला आले. पाऊण तासात एक ठोका चुकला नाही.

आमचे मॅनेजर मिस्टर पेव्हरेल. हा माणूस रेशमी फितीच्या धंद्यातून मोटारीत आलेला, लोखंड गरम आहे की गार एवढंच त्याला कळायचं आणि तेही हात लावल्यावर. त्याने तिथल्या तिथे हुकूम सोडला की यापुढे कोणताही महत्त्वाचा भाग सॅचवेलच्या हाताखालून गेल्याशिवाय मोटारीला लागणार नाही. वर्तमानपत्रात जाहिरातही दिली, घड्याळजीच्या हाताची मोटार म्हणून. सॅचवेलने ती कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. मी पाहिली, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

त्याची मुलगी विनिफ्रेड आमच्याच कारखान्यात, कॉइलींच्या खोलीत होती. केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची, दर थराला कागद, मग सगळं मेणात बुडवायचं. तिच्या हातची कॉइल परत आली असं मला आठवत नाही. बाप जेवतानाही बाकावर फडकं अंथरून, चुरा पडणार नाही अशा बेताने जेवायचा, त्याच्याशेजारी बसून घास गिळणं कठीण. म्हणून विनी दुपारी माझ्या भट्टीवर यायची. मी फावडं घासून पुसून निखाऱ्यांवर धरायचो आणि त्यावर डुकराचे काप तळायचो. ती पावात घालून उभ्या उभ्या खायची आणि बापाच्या नकला करायची. आमच्या गावात नवीन वर्षाला धर्मपित्याने, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेतलेल्या माणसाने, त्रिकोणी केक द्यायची रीत आहे. तिचा धर्मपिता वारलेला. पहिल्याच वर्षी ती चार लोकांसमोर म्हणाली की ट्विगरकाका, आता ते काम तुमच्याकडे. मला मूलबाळ नाही. दर एक जानेवारीला मी केक घेऊन जात होतो, आणि मला त्या दिवसाची महिनाभर आधीपासून घाई असायची.

तिला लोखंड पारखायला मी शिकवलं. आस टांगून धरायचा, हातोडीने हलकेच वाजवायचा आणि ऐकायचं. धड लोखंड घंटेसारखं बोलतं, चिरलेलं भसाडं वाजतं. ती दोन दिवसांत शिकली. तिचा कान बापाचाच होता.

आता भांडणाचं सांगतो. पुढच्या चाकाचा आस हा एक पोलादी दांडा असतो. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, आणि बारीक भागावर चाक फिरतं. जाड भाग संपून बारीक सुरू होतो तिथे खांदा येतो. त्या खांद्याच्या आतला कोपरा मी गोलसर ठेवायचो, अंगठा फिरवला तर कुठे अडू नये असा. बापाने तसं शिकवलं होतं. पण मोटारीचं बेअरिंग, म्हणजे चाकाच्या आतलं छर्‍यांचं कडं, त्या गोलाईवर चढून बसायचं, खांद्याला पुरतं टेकायचं नाही, आणि चाक डुगडुगायचं. गिऱ्हाइकं तक्रारी घेऊन येऊ लागली. पेव्हरेलसाहेबाने एक आस उचलला आणि सॅचवेलपुढे नेऊन ठेवला.

सॅचवेलने भिंगातून पाहिलं आणि तो खांदा म्हणजे न धुतलेली मान आहे असं म्हणाला. घड्याळजींच्या जगात गोल राहिलेला कोपरा ही आळशाची खूण. त्यांच्यात कारागीर कोण, तर ज्याचा आतला कोपरा नखाला लागेल असा काटकोनात उतरतो तो. त्याने माझा आस लेथवर चढवला, गोलाई कापून काढली, काटकोन केला, वर तेलाच्या दगडाने आरशासारखा घासला. बेअरिंग खांद्याला जाऊन असं भिडलं की मधे कागद शिरेना. चाक डुगडुगायचं थांबलं. सगळे वाहवा करायला लागले.

मला ते बघवेना. घडलेल्या लोखंडाला तसा कोपरा नको, एवढं माझ्या हाताला कळत होतं. मी सरळ त्याच्या बाकाशी गेलो आणि गोलाई राहू दे, हवं तर बेअरिंगची कड घास, असं सांगितलं.

"का?" त्याने विचारलं.

"माझा बाप ठेवायचा."

"आणि तुझ्या बापाचा बाप?"

"तोही ठेवायचा."

"म्हणजे तीन पिढ्यांत एकालाही कानस धरता आली नाही," तो म्हणाला.

अख्खी खोली हसली. विनी दारात उभी होती, तीही हसली, मग माझं तोंड पाहून गप्प झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला कारण सांगता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुला काय कापायचं ते काप, मी पुन्हा त्या कोपऱ्याबद्दल तोंड उघडणार नाही, असं म्हणून मी निघून आलो. आणि मी खरंच उघडलं नाही. माणसाने इतर शंभर शब्द मोडावेत आणि नेमका हा पाळावा, असा मी गाढव.

चौदा महिन्यांत काटकोनाच्या आसांवर एकतीस मोटारी बाहेर पडल्या. सगळ्यात सुंदर जोडी त्याने विनीच्या मोटारीसाठी केली. विनी चालवायला लागली ते असं: चाचणीच्या फेरीत कॉइल कुरकुरली की चालवणारे तिला शेजारी बसवून न्यायचे. एकदा एकाचा हात मुरगळला, तिने स्टिअरिंगचं चक्र हातात घेतलं आणि मोटार नीट परत आणली. पेव्हरेलसाहेबाच्या डोक्यात लगेच जाहिरात चमकली. जी मोटार एक मुलगी चालवते ती चालवायला कोणता पुरुष घाबरेल? १९०६ च्या जूनमध्ये वेल्सच्या डोंगरांतून सहा दिवसांची मोठी चाचणी होती. तिथे विनीला पाठवायचं ठरलं, सोबत एक मेकॅनिक. त्याआधी वर्षभर तीच मोटार घेऊन ती गावोगाव फिरत होती. सॅचवेलला पोरीचा अभिमान इतका की रविवारी चर्चमधून निघताना लोकांना थांबवून सांगायचा. पण तिला स्वतःला कधी शाबास म्हणाला नाही. तिच्यासमोर त्याचं एकच रडगाणं: रस्ते खराब, टायर खराब, ट्विगरचं लोखंड खराब.

मे महिन्यात एका दारूवाल्याच्या मोटारीचं पुढचं चाक निखळलं. मोटार हळू चालली होती, कोणाला खरचटलंही नाही. चालवणारा म्हणाला दगडावर आपटली. नवा आस लावून दिला आणि मोडका तुकडा माझ्या भट्टीमागच्या भंगारात येऊन पडला. मी तो सहज उचलला. एका फटक्यात मोडलेलं लोखंड आत सगळीकडे साखरेसारखं चमकतं. हे तसं नव्हतं. मधे नाण्याएवढा भाग चमकत होता, बाकी कडेकडेने सगळं काळपट आणि गुळगुळीत, वर्षानुवर्षं पाय पडलेल्या पायरीसारखं. म्हणजे हा आस त्या दिवशी मोडलाच नव्हता. तो कित्येक महिने मोडत होता, चाकाच्या दर फेऱ्याला थोडा थोडा, आणि मोडलेल्या बाजू एकमेकींना घासून गुळगुळीत होत होत्या. आणि सुरुवात कुठून, तर त्या कोपऱ्यातून, सगळ्या बाजूंनी आत.

तरी मी तो तुकडा परत ढिगावर टाकला. एखादा असेल असा, म्हटलं. खरं कारण ते नव्हतं. मला सॅचवेलकडे जाऊन कोपरा हा शब्द काढायचा नव्हता. आज ह्या गोष्टीची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही.

विनी वेल्सकडे चाचणीला गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, इकडे आमच्याजवळच्या केनिलवर्थच्या उतारावर एका वकिलाची मोटार उलटली. त्याच्या माणसाचा पाय गुडघ्याखाली चिरडला. तुकडा कारखान्यात आला. तीच काळी गुळगुळीत कड, तोच मधला चमकता ठिपका, फक्त आणखी लहान. पेव्हरेलसाहेब तावातावाने माझ्या भट्टीवर आला आणि माझं लोखंड कुजकं आहे असं सगळ्यांसमोर म्हणाला. तेव्हा माझी जीभ सुटली. खोटं कशाला सांगू, आधी मला माझ्या नावाची चाड वाटली, विनी नंतर आठवली. आठवली तशी मी दोन्ही तुकडे उचलून सॅचवेलच्या बाकावर त्या फडक्यावर ठेवले, काजळीसकट.

त्याने भिंग लावलं. एक तुकडा पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला घेतला. कोपऱ्यावरून नख फिरवलं. मग त्याने भिंग काढलं.

"ह्या मोटारी किती मैल चालल्या होत्या?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, दोन्ही चार हजारांच्या आसपास. विनीच्या मोटारीचं गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तो आधी पेव्हरेलसाहेबाकडे गेला. मोटार चाचणीतून काढा म्हणाला. साहेब म्हणाला की आणखी तीनच दिवस आहेत, सगळी वर्तमानपत्रं तिथे बसली आहेत, भलतंसलतं मनात आणू नका. सॅचवेलने वाद घातला नाही. एप्रन काढून घडी केली, बाकावर ठेवली, आणि टपाल कचेरीत जाऊन विनीला तार केली. चाचणीवाले त्या दिवशी श्रूजबरीच्या एका हॉटेलात उतरणार होते, सकाळी आठला पुढे निघणार होते. तार वेळेत पोचणार हे नक्की होतं. मी घरी गेलो, जेवलो, आणि सुटलो एकदाचे असं बायकोला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सॅचवेल माझ्या भट्टीवर आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या हातात तारेचा कागद होता. तो त्याने माझ्यापुढे धरला. मी वाचलं.

"ट्विगरकाकांच्या लोखंडावर माझा भरवसा आहे. दोन्ही आस हातोडीने वाजवून पाहिले. घंटेसारखे वाजले. काळजी नको. निघते. विनी."

मला आधी उमगेनाच. मग हळूहळू उमगलं.

"तू तिला काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"लिहिलं की ट्विगरच्या लोखंडाचा भरवसा नाही. तपासून घे."

"आणि कोपरा?"

"हात चालला नाही," तो म्हणाला.

माझ्या हातात सांडशी होती. ती मी खाली ठेवली, नाहीतर त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी झालं असतं. अरे माणसा, पोर तुझी, आणि तिच्या जिवावर बेतलेलं असताना तुला तुझी इभ्रत सुचली! ती बिचारी काय समजली असेल? बापाची रोजची कुरकुर, रस्ते खराब, ट्विगरचं लोखंड खराब. त्याने 'माझा कोपरा चुकला' एवढे तीन शब्द लिहिले असते तर ती मोटारीजवळ फिरकली नसती, कारण असं वाक्य तिने बापाच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

पण मी तरी कुठे मोठा लागून गेलो होतो. केसाएवढी चीर असली, आणि वर चाक आणि बेअरिंग घट्ट बसलेलं असलं, तर आस धडच वाजतो. हे मी तिला शिकवलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. माझं नाव वाईट नको म्हणून तिने माझ्याच रीतीने तपासलं, आणि माझ्याच भरवशावर ती निघाली.

आम्ही दोघे टपाल कचेरीकडे पळालो, पन्नाशीपुढचे दोन म्हातारे, एक एप्रनमध्ये, एक काजळीने माखलेला. वाटेत ते कुठे थांबणार हे पेव्हरेलसाहेबालाच ठाऊक, आणि तो पहिल्या गाडीने बर्मिंगहॅमला गेलेला. आम्हाला फक्त मुक्कामाचं गाव माहीत होतं, डॉल्गेली. सॅचवेलने तिथे तार लिहिली. खिडकीतल्या कारकुनाने नेहमीप्रमाणे शब्द मोठ्याने वाचून दाखवले: थांब, कोपरा माझा चुकला, दोष माझा, मोटारीत बसू नकोस, बाबा. रांगेत पाच-सहा माणसं होती. सॅचवेल मान खाली घालून उभा होता, आणि कारकुनाने बरोबर आहे ना असं विचारल्यावर हो म्हणाला.

मग आम्ही तिथल्याच बाकावर बसून राहिलो. तो दर थोड्या वेळाने घड्याळ काढून बघायचा, आता वेल्शपूल मागे पडलं असेल, आता मॅलव्हिड, असं पुटपुटायचा. एकदा मला म्हणाला की ती उतारावर नेहमी ब्रेक जपून लावते. मी हो म्हटलं. मी त्याच्याशी धड भांडूही शकत नव्हतो आणि त्याच्या खांद्यावर हातही ठेवू शकत नव्हतो.

साडेतीनला तार आली. डॉल्गेलीहून नाही, अलीकडच्या दिनासहून, चाचणीच्या एका पंचाची. घाटाच्या उतारावर डावं पुढचं चाक निखळलं होतं. मोटार दगडी कठडा तोडून खाली गेली. मेकॅनिक झुडपात फेकला गेला, खांद्याचं हाड मोडलं, पण वाचला. विनी स्टिअरिंगच्या चक्राखाली सापडली होती.

विनीच्या मृत्यूची चौकशी दिनासच्या खाणावळीतच झाली, एक न्यायाधिकारी आणि निकाल द्यायला गावातलेच पंच बसले होते. आम्ही दोघेही गेलो होतो. विनीच्या कोटाच्या खिशात पहिली तार सापडली होती. ती न्यायाधिकाऱ्याने वाचून दाखवली: ट्विगरच्या लोखंडाचा भरवसा नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पेव्हरेलसाहेबाने उठून तेच सांगितलं, घडणीत दोष. दुसरी तार डॉल्गेलीच्या कचेरीत तशीच पडून होती, ती कोणी विचारलीही नाही. मग मोडका आस पंचांच्या हातातून फिरायला लागला. त्यांचा म्होरक्या होता त्या गावात घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा. त्याने खिशातून भिंग काढलं, कोपऱ्यावरून नख फिरवलं, आणि त्याचा चेहराच उजळला.

"असा कोपरा मी आयुष्यात पाहिला नाही," तो म्हणाला. "ज्या हाताने हे केलं त्या हाताकडून चूक होणं शक्य नाही."

सॅचवेल उठला. त्याने दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली होती.

"तो हात माझा," तो म्हणाला. "आस कोपऱ्यातून मोडलाय, कोपरा मी कापला. ट्विगरने सांगितलं होतं. लोखंड चांगलं होतं."

कोणी चिडलं असतं, उलटतपासणी घेतली असती, तर बरं झालं असतं. पण न्यायाधिकारी मऊ आवाजात म्हणाला की मिस्टर सॅचवेल, बापाचं मन आम्ही समजू शकतो, स्वतःला असा बोल लावू नका, बसा. म्होरक्याने उठून त्याला पाणी दिलं. आणि निकाल लिहिला गेला: लोखंडात दडलेला दोष. मी ओरडत होतो, मला शिपायाने बाहेर काढलं.

मला कामावरून काढलं. सॅचवेलने त्याच दिवशी आपली पेटी उचलली. पेव्हरेलसाहेबाने त्याला थांबायची गळ घातली म्हणे. काटकोनाचे आस पुढे दुसऱ्याच कोणीतरी सुरू ठेवले असते, पण कारखानाच वर्षभरात बुडाला, ते एक बरं झालं. पुढे कधीतरी रग्बीला रेल्वेच्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी हे सगळं सांगितलं, तर तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. खांद्याचा कोपरा गोलच ठेवायचा, नाहीतर तिथून आस चिरत जातो, हे रेल्वेवाल्यांना पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. आमच्यातल्या कोणाला त्यांना विचारावंसं वाटलं नाही. आम्ही मोटारवाले, आम्ही कशाला इंजिनवाल्यांना विचारतोय!

मोडलेल्या तीन गेल्या, म्हणजे अठ्ठावीस मोटारी रस्त्यावर होत्या, सगळ्या चार हजार मैलांच्या दिशेने चाललेल्या. सॅचवेलने मालकांची नावं जुळवली आणि एकेकाला पत्र लिहिलं. बहुतेकांची उत्तरं आलीच नाहीत. काहींनी कळवलं की त्या वेल्सच्या प्रकरणात लोहाराचा दोष ठरला आहे, आणि आपली मोटार झकास चालते. लेमिंग्टनच्या एका डॉक्टरांनी फार प्रेमाने लिहिलं होतं: आपलं दुःख मोठं आहे, पण आपल्या कामावर आमचा पूर्ण विश्वास आहे, येत्या रविवारीच आम्ही मुलांना घेऊन एजहिलच्या टेकडीवर जातो आहोत. सॅचवेलने ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. त्याच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी हत्यारांची पिशवी घेतली आणि त्याच्यामागून स्टेशनवर गेलो.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मोटार दारात उभी होती, इंजिन चालू. मागे दोन मुली आणि एक तान्हं, त्यांची आई टोपीला बुरखा बांधत होती. सॅचवेल जाऊन मोटारीच्या पुढ्यात उभा राहिला. डॉक्टरांनी आधी समजावलं, मग पोलिसाला बोलावेन म्हणाले. सॅचवेल हलला नाही.

"माझी मुलगी विनिफ्रेड अशाच कोपऱ्याने मेली," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं, आणि मी तिला दुसऱ्याचं नाव लिहून कळवलं. हा कोपरासुद्धा माझाच आहे. पोरांना खाली उतरवा."

डॉक्टरांच्या बायकोने तान्हं छातीशी धरलं आणि ती उतरली. मी चाक काढलं, आसावर तेल सोडलं, पुसून वर खडूची भुकटी लावली. थोड्या वेळाने चिरेत शिरलेलं तेल झिरपून पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली, केसाएवढी, कोपऱ्याला लागून पूर्ण गोल फिरलेली. डॉक्टर ती बघत तिथेच पायरीवर बसले.

चार वर्षांत आम्ही अशा चोवीस मोटारींपुढे उभे राहिलो. प्रत्येक वेळी सॅचवेलने तीच वाक्यं म्हटली, तिच्या नावासकट, आणि एकदाही ती त्याला सोपी गेली नाहीत. एकवीस आसांवर रेघ निघाली. काही जणांनी आमच्यावर कुत्री सोडली, एकाने मला काठी मारली. आम्ही गाडीत समोरासमोर बसून जायचो आणि परत यायचो, कोपऱ्याबद्दल पुन्हा कधीच बोललो नाही. १९११ च्या थंडीत तो न्यूमोनियाने गेला. शेवटच्या दुपारी मी उशाशी होतो. त्याने मला किती राहिल्या असं विचारलं. मी सगळ्या झाल्या म्हणून सांगितलं.

चार राहिल्या आहेत. दोन आयर्लंडला विकल्या गेल्या, उरलेल्या दोनांचा पत्ताच लागला नाही. रस्त्यात जुनी मोटार उभी दिसली की मी अजून गुडघ्यावर बसून चाकाशी वाकतो, आणि आतली माणसं मला हाकलून पुढे निघून जातात.